हरकत पाठवली म्हणजे आपण पक्षकार झालो का?

पत्र थोडक्यात: वेस्ट टेक्सासमधून एका वाचकाचं पत्र आलंय. माहेर राजापूर तालुक्यातलं, अकरा वर्षं झाली मिडलँड गावाबाहेर राहतात, नवरा तेलाच्या धंद्यात, दोन मुलं शाळेत, एकरभर जागा आणि घरची स्वतःची बोअर. तिथून तासाभराच्या पलीकडे, अँड्र्यूज काउंटीत, अणुभट्ट्यांमधलं वापरून झालेलं इंधन ठेवायचं लायसन्स केंद्राच्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने, म्हणजे एनआरसीने, २०२१ मध्ये एका खासगी कंपनीला दिलं. २०२० मध्ये शेजारच्या एक आजी सह्यांचा कागद घेऊन दारात आल्या होत्या तेव्हा यांनी सही केली नाही, कारण तेव्हा व्हिसावर होत्या, आणि राज्य सरकारच विरोधात आहे तर ते बघून घेतील असं वाटलं. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात राज्य हरलं. आता नवरा म्हणतो घर विकून डॅलसला जाऊ. त्या विचारतात, "ताई, राज्यालाच जर कोर्टात उभं राहायचा अधिकार नसेल तर आम्ही कोण? आणि त्या दिवशी सही केली असती तर काही फरक पडला असता का, हे डोक्यातून जात नाही."

*

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्यात आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर देते, कारण ते ओझं तू पाच वर्षं उगाच वाहतेयस. नाही, त्या सहीने कोर्टात काहीही फरक पडला नसता. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, तारखाच तसं सांगतात. या लायसन्सच्या प्रकरणात रीतसर पक्षकार म्हणून आत शिरायची खिडकी उघडली होती २०१८ मध्ये. २०२० मध्ये आजी जो कागद घेऊन आल्या तो पर्यावरण अहवालाच्या मसुद्यावरच्या हरकती-सूचनांचा असणार, कारण तेव्हा तेच चालू होतं. म्हणजे तू सही केली असतीस तरी ती हरकतीच्या गठ्ठ्यात गेली असती, केसच्या कागदात नाही. आणि गंमत वाटेल पण तुझ्या राज्याचं नेमकं हेच झालं!

आता हे नीट समजून घे, कारण बातम्यांमध्ये "टेक्सासला अधिकारच नाही" असं इतक्या वेळा आलं की सगळ्यांनी तेच धरून ठेवलंय. आपल्याकडे पेपरात जाहीर नोटीस येते बघ, अमुक रस्ता होणार, तमुक आरक्षण बदलणार, ३० दिवसांत हरकती व सूचना पाठवा. आपण पाठवतो, पोच घेतो, आणि आपल्याला वाटतं आपण लढतोय. पण हरकत पाठवणारा माणूस आणि केसमधला पक्षकार ही दोन वेगळी माणसं असतात. पक्षकाराचं नाव शीर्षकात असतं, त्याने वकालतनामा दिलेला असतो, त्याला कागद मिळतात, त्याला अपील करता येतं. टेक्सासने काय केलं, तर मसुद्यावर पत्रं पाठवली, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी विरोधाचं कडक पत्र पाठवलं, पण एनआरसीसमोर "आम्हाला पक्षकार करून घ्या" असा अर्ज कधी दिलाच नाही. मग लायसन्स निघाल्यावर राज्य थेट अपील कोर्टात गेलं. न्यू ऑर्लिन्सच्या फिफ्थ सर्किट कोर्टाने २०२३ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल देऊन लायसन्स रद्द पण केलं, आणि सुप्रीम कोर्टाने १८ जून २०२५ ला ६ विरुद्ध ३ मतांनी ते उलटवलं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा इतकाच आहे की कायदा म्हणतो फक्त 'पक्षकाराला' दाद मागता येईल आणि टेक्सास पक्षकार नव्हतं. हॉब्स अ‍ॅक्ट नावाचा तो कायदा आहे (तुमच्या शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या हॉब्स गावाशी त्याचा काही संबंध नाही, अमेरिकेच्या संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, अलाबामाच्या एका सदस्याचं ते आडनाव).

म्हणजे कोर्टाने जागा सुरक्षित आहे असं म्हटलेलं नाही, तुमच्या राज्याचं काही नुकसान होत नाही असंही म्हटलेलं नाही. उलट फिफ्थ सर्किटने राज्याचं नुकसान मान्य केलं होतं, कारण टेक्सासने सप्टेंबर २०२१ मध्ये असा कचरा राज्यात ठेवायला बंदी करणारा कायदा केला आणि केंद्राच्या लायसन्सपुढे तो कायदा निष्प्रभ होतो. आणि खासगी जागेवर, अणुभट्टीपासून लांब, असं इंधन ठेवायचं लायसन्स एनआरसी देऊ शकते का, हा जो मुळातला प्रश्न होता त्यावर बहुमताने शेवटचा निर्णय दिलाच नाही. गोर्सच, थॉमस आणि अलिटो या तीन न्यायमूर्तींनी मात्र विरोधी मतात साफ लिहिलं की असं लायसन्स बेकायदा आहे. तेव्हा "राज्यालाच अधिकार नाही तर आम्ही कोण" हा तुझा प्रश्न जरा उलटा करून बघ. राज्याला अधिकार होता की, पण दार उघडं होतं तेव्हा ते आत गेलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

आणि हे एकट्या टेक्सासचं नाही गं. शेजारच्या न्यू मेक्सिकोत ली काउंटीत दुसऱ्या एका कंपनीची अशीच योजना होती, तर न्यू मेक्सिको राज्याने अँड्र्यूजच्या लायसन्सविरुद्ध टेन्थ सर्किट या दुसऱ्या अपील कोर्टात दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कारणावरून ती फेटाळली गेली. खुद्द टेक्सासने २०१७ मध्ये युका माउंटनच्या, म्हणजे हा कचरा कायमचा पुरायला ठरवलेल्या नेव्हाडातल्या डोंगराच्या, रखडलेल्या कामावरून केंद्रावर केस केली होती, ती मुदत संपली म्हणून २०१८ मध्ये निकालात निघाली. दोन राज्यं, इतके पगारी वकील, आणि चुका अशा की आपल्या तालुक्याच्या कोर्टातला कारकूनसुद्धा म्हणेल, साहेब तारीख बघितली होती का.

आता तुझ्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते, आणि हे बोलताना मला जरा जपून बोलायचंय कारण तू ते अगदी सहज लिहून गेलीस: "राज्य सरकार आमच्यासाठी लढतंय म्हणून आम्ही गप्प बसलो." राज्य तुझ्यासाठी लढतं तेव्हाच, जेव्हा राज्याला लढायचं असतं. याच टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी २०१४ मध्ये असा जास्त किरणोत्सर्गी कचरा राज्यात ठेवण्याच्या बाजूने पत्र लिहिलं होतं. अँड्र्यूजच्या त्याच आवारात कमी तीव्रतेचा किरणोत्सर्गी कचरा पुरण्याचं काम आधीपासून चालतं, तेही राज्याच्याच लायसन्सवर, आणि काउंटीला त्यातून पैसे मिळतात. म्हणून सुरुवातीला गावातच बऱ्याच लोकांना ही योजना हवी होती. पुढे वारं बदललं, अँड्र्यूज काउंटीच्या कमिशनर लोकांनी २०२१ मध्ये विरोधाचा ठराव केला, मग राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, कायदा झाला. मी कुणाला खोटं ठरवत नाहीये, सरकारं बदलतात, मतं बदलतात, तेलवाल्यांचा जोर कुठे आहे ते बघून पावलं टाकली जातात. पण तुझी बोअर तिथेच असते ना? म्हणून तुझं जे म्हणणं आहे ते राज्याच्या वकिलाच्या बॅगेत टाकून निर्धास्त होऊ नकोस, ते तुझ्या नावाने, तुझ्या पत्त्यासकट, कुठेतरी नोंदलेलं पाहिजे.

मग राज्याला लोकस, म्हणजे कोर्टात दाद मागायचा अधिकार, कधी मिळतो आणि कधी नाही, हे पण थोडं सांगते, कारण घर विकायच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातूनच काढायचंय. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुमचं खरंखुरं नुकसान झालंय किंवा अगदी दारात येऊन ठेपलंय, ते समोरच्याच्या निर्णयामुळे झालंय, आणि कोर्टाने हुकूम दिला तर ते भरून निघेल. राज्य असलं तरी ही चाळणी आहेच, राज्याला थोडी सवलत मिळते, माफी नाही. साउथ कॅरोलायनाचं बघ. तिथे सव्हाना रिव्हर साइट नावाच्या केंद्राच्या जागेत शस्त्रांमधून काढलेलं प्लुटोनियम टनावारी पडून आहे. त्याचं इंधन करायचा कारखाना केंद्राने अर्ध्यात बंद केला, तेव्हा राज्य कोर्टात गेलं की आता हे प्लुटोनियम कायमचं आमच्याच गळ्यात पडणार. फोर्थ सर्किटने २०१९ मध्ये सांगितलं की ही भीती आहे, पुढे असं होईल मग तसं होईल अशा साखळीवर उभी आहे, लोकस नाही. हरले. पण त्याच राज्याच्या हातात दुसरा एक कागद होता. अमुक तारखेपर्यंत माल हलवला नाही तर केंद्राने दिवसाला १० लाख डॉलर द्यायचे, वर्षाला जास्तीत जास्त १० कोटी, असं कायद्यातच लिहून घेतलेलं होतं. त्या जोरावर २०२० मध्ये केंद्राने ६० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेच राज्य, तेच प्लुटोनियम. भीती घेऊन गेले तेव्हा रिकाम्या हाताने आले, तारीख लिहिलेला कागद घेऊन गेले तेव्हा कोर्टाला ऐकावं लागलं.

नेव्हाडाची गोष्ट तर तू मुलांना पण सांग. १९८२ च्या कायद्यात कचरा पुरायची जागा निवडायची रीत ठरली, केंद्र ३१ जानेवारी १९९८ पासून इंधन उचलेल असं पण ठरलं, आणि १९८७ मध्ये काँग्रेसने बाकी जागांचा अभ्यासच बंद करून फक्त नेव्हाडातल्या युका माउंटनवर बोट ठेवलं. राज्याला नकाराचा अधिकार कायद्यात होता, गव्हर्नर केनी गिन यांनी एप्रिल २००२ मध्ये तो वापरला, आणि जुलैपर्यंत काँग्रेसने तो नकार मोडून काढला. जागेच्या निवडीवरची राज्याची तक्रार पण कोर्टाने २००४ मध्ये फेटाळली. इथे कुणीही म्हटलं असतं की संपलं. पण या लोकांनी तोपर्यंत वीस वर्षं आपली तयारी करून ठेवली होती. राज्याची स्वतंत्र एजन्सी होती, स्वतःचे भूगर्भतज्ज्ञ होते, १९९२ मध्ये डोंगराच्या जवळ ५.६ चा भूकंप होऊन केंद्राच्याच ऑफिसच्या इमारतीचं नुकसान झालं तर त्याची नोंद यांच्याकडे होती. राज्याच्या पाणी खात्याच्या इंजिनियरने २००० मध्ये प्रकल्पाला कायमचं पाणी द्यायला नकार दिला. २००४ च्या त्याच निकालात एक मुद्दा राज्य जिंकलं, तो म्हणजे सुरक्षेचं मोजमाप फक्त १० हजार वर्षांपुरतं ठेवलं होतं ते कोर्टाने रद्द केलं, आणि पुढे ते १० लाख वर्षांवर गेलं. आणि २००८ मध्ये केंद्राने एनआरसीकडे लायसन्सचा अर्ज केला तेव्हा नेव्हाडाने वेळेत, रीतसर, २०० पेक्षा जास्त मुद्द्यांसकट पक्षकार व्हायचा अर्ज दिला. टेक्सासने जे केलं नाही ते हे. त्यात सिनेटमध्ये नेव्हाडाचेच वजनदार नेते हॅरी रीड बसलेले होते हेही खरं, पैसे तिथूनच अडले. युका माउंटनमध्ये आजपर्यंत वापरलेल्या इंधनाचा एक डबा गेलेला नाही.

आता घराचं. तुझ्या नवऱ्याला मी घाबरट म्हणणार नाही, मुलं आहेत, कर्ज आहे, माणूस विचार करतो. पण तुम्ही दोघंही "लायसन्स मिळालं" आणि "कचरा आला" हे एकच धरून चाललायत. लायसन्स ५००० टनांपर्यंत इंधन ४० वर्षं ठेवायचं आहे. त्यासाठी आधी बांधकाम पाहिजे, रेल्वेने माल आणायची सोय पाहिजे, अणुभट्ट्यांच्या कंपन्यांशी करार पाहिजेत, आणि राज्य विरोधात असताना हे सगळं किती जड जातं ते शेजारी दिसलंच, ली काउंटीची योजना त्या कंपनीने २०२५ मध्ये सोडून दिली. लायसन्स होतं तरीही! आणि जे ठेवायचंय ते पातळ रसायन नाही, हेही मनात स्पष्ट असू दे. धातूच्या लांब नळ्यांच्या जुड्या, आत सिरॅमिकच्या गोळ्या, पाण्याच्या टाकीत काही वर्षं थंड केलेल्या, मग स्टेनलेस स्टीलच्या डब्यात भरून झाकण वेल्ड केलेलं आणि बाहेरून काँक्रीटचं जाड आवरण. असे डबे आजही अमेरिकेत डझनावारी ठिकाणी अणुभट्ट्यांच्या आवारात उभे आहेत, लोकवस्तीच्या आणि नद्यांच्या जवळ. तुझ्या घरी उद्या काही होईल असं मला वाटत नाही, आणि नुसत्या भीतीपायी घाईत घर विकलंत तर नुकसान आजच पक्कं होईल.

पण एका बाबतीत तुझी धास्ती मला अगदी रास्त वाटते, आणि ती म्हणजे "तात्पुरतं" हा शब्द. कायमची जागा जोपर्यंत कुठेच नाही तोपर्यंत तात्पुरत्या जागेला शेवटची तारीख कशी असणार? १९९८ ची तारीख उलटून गेली, कुणी काही उचललं नाही. अँड्र्यूजमध्येच २०१४ मध्ये लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या कचऱ्याचे काही ड्रम तात्पुरते म्हणून आणून ठेवले होते, ते पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिले. तू मडबन-जैतापूरच्या जवळची आहेस, जमिनीच्या नोटिसा आल्यावर गावात काय काय झालं ते तू लहान नव्हतीस, पाहिलेलं आहेस. त्यामुळे तुला शब्दांवर विश्वास ठेवायला जड जातं, त्यात चूक काही नाही. फक्त ती भीती भीतीच्याच रूपात घेऊन बसू नकोस, तिचा कागद कर.

कसा, ते सांगते, आणि तुझ्यासारखे जे कोणी अशा जागांच्या आसपास राहतात, इलिनॉयला असोत की कॅलिफोर्नियाला, त्यांनी पण हे वाचावं. एनआरसीच्या प्रत्येक प्रकरणाला डॉकेट नंबर, म्हणजे केसचा नोंदणी क्रमांक, असतो, तो शोधून ईमेलवर सूचना लावून ठेव. लायसन्समध्ये बदल, मुदतवाढ, क्षमता वाढवणं, यातल्या कशासाठीही कंपनी गेली की फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या राजपत्रात, नोटीस येते, आणि सुनावणीची संधी दिली की साधारण ६० दिवसांत पक्षकार व्हायचा अर्ज करावा लागतो. खरा दरवाजा तो. अर्जात दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे तुमचा संबंध काय (घर किती अंतरावर, पाणी कुठलं, रोजचा रस्ता कुठला, रेल्वे लाइन किती जवळ) आणि दुसरी म्हणजे निदान एक तरी नेमका मुद्दा, ज्याच्या पाठीशी तज्ज्ञाचं मत किंवा आकडे आहेत. "आम्हाला काळजी वाटते" एवढ्यावर अर्ज टिकत नाही. एकट्याने हे करणं महाग आहे, मला माहितीये, त्यामुळे संस्थेमार्फत जा, सभासदाच्या प्रतिज्ञापत्रावर संस्थेला उभं राहता येतं. तुमच्याकडची जमीन आणि तेलवाली एक मंडळी वेळेत गेली होती, एनआरसीने त्यांचा अर्ज नाकारला, त्या नकारावर वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात पण ती हरली, म्हणजे वेळेत जाऊनही हरता येतं हे मी लपवत नाही. पण त्यांचं म्हणणं ऐकून घेऊन त्यावर निकाल झाला, नुसतं दारातून परत पाठवलं नाही.

हरकती-सूचना पाठवणं सोडू मात्र नकोस. त्याने पक्षकार होत नाही, पण एजन्सीला मुद्द्याची दखल घ्यावी लागते आणि पुढे कुणी पक्षकार तो मुद्दा वापरू शकतो. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही गं, व्हिसावरच्या माणसाला पण मत पाठवता येतं, तेव्हाची तुझी भीती मला कळते पण तिला कायद्यात आधार नव्हता. तरी शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन कर, आणि मंडळातल्या बाकीच्यांना पण सांग, कारण गणपतीला दोनशे माणसं जमतात आणि काउंटीच्या मीटिंगला आपल्यातलं एक कुणी जात नाही. काउंटी कमिशनर, राज्याचा प्रतिनिधी, यांच्या ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारायचा: पुढची नोटीस आली तर राज्य ६० दिवसांच्या आत पक्षकार व्हायचा अर्ज देणार का, आणि ते बघायची जबाबदारी कुणाची? उत्तर लेखी माग. राज्य किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर स्वतःचे नियम करू शकत नाही, तो केंद्राचा प्रांत आहे, पण पाणी, रस्ते, सांडपाण्याचे परवाने, पैशाची हमी, ही राज्याची आणि काउंटीची कामं आहेत, आणि त्याबद्दल विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आणि या महिन्यात एक काम कर. बोअरचं पाणी चांगल्या, मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून घे, किरणोत्सर्गाच्या चाचण्यांसकट. आत्ता, जेव्हा काही आलेलं नाही, तेव्हा. तुमच्याकडच्या पाण्यात निसर्गतःच थोडं युरेनियम-रेडियम असू शकतं, आकडे बघून घाबरू नका, तो आकडाच आपल्याला हवाय, उद्या वाढला तर कशापासून वाढला हे दाखवायला. रिपोर्टवर तारीख, बोअरची खोली, नमुना कुणी घेतला, हे सगळं असू दे. एक प्रत घराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेव, एक त्या शेजारच्या आजींकडे नेऊन दे, आणि त्यांच्या बोअरचं पाणी पण त्याच दिवशी त्याच लॅबला दे म्हणावं.